‘सर्व्हर भंगार आहे’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की आमच्या रिमोट डेस्कटॉपवरून (म्हणजे टेबलावरच्या लॅपटॉपवरून आमचा मुंबईतला सर्व्हर वापरण्याच्या सोयीतून) जर्मनीच्या गिऱ्हाइकाबरोबर झूम मीटिंग लावली, आधी कॅमेरा दिसेना, दिसला तेव्हा चित्र अडकलं, आवाज तुटला. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) फायबर लाइन असून हे हाल, म्हणजे सर्व्हर भंगार; महिन्याचं भाडं परत द्या. ऑर्डरची बोलणी चालू असताना असा खोळंबा झाला तर कुणीही चिडेल. पण भंगार हा शब्द काही पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा पोरगा शिरोलीला तुमच्या केबिनमध्ये आला, तेव्हा लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा बारका दिवा पेटलेलाच होता. क्रोममध्ये गुगल मीटचा टॅब सकाळपासून तसाच उघडा. लॅपटॉपवरच्या प्रोग्रामनं कॅमेरा धरून ठेवला की तो रिमोटला मिळत नाही. टॅब बंद केला, रिमोट तोडला, रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधल्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘मोअर’ दाबून व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसेसवर टिक केली, पुन्हा जोडलं आणि कॅमेरा आला. माइकची टिक तिथं नसते बरं का. ती रिमोट ऑडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ म्हणून वेगळी आहे, आणि दहातले नऊजण तीच विसरतात. अकाउंट्सच्या जुन्या पीसीवरून आवाज जातो पण चेहरा जात नाही, असंही तुम्ही लिहिलंय. माइक आत नेण्याची सोय विंडोज ७ पासून आहे; कॅमेऱ्याची आली विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून आणि विंडोज सर्व्हर २०१९ पासून. तुमचा सर्व्हर २०१९ चाच आहे, तो पीसी जुना आहे.

आता चित्र का अडकलं ते. मीटिंगच्या आधी तुमच्या ओळखीतल्या कुणीतरी एक सॉफ्टवेअर टाकून यूएसबी कॅमेरा जसाच्या तसा सर्व्हरला जोडून दिला होता. अशानं कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र कॉम्प्रेस न होताच, म्हणजे डेटा दाबून लहान न होताच, लाइनवर जाऊ शकतं. ६४० बाय ४८० चं साधं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, असं कच्चंच पाठवलं तर सुमारे १४७ एमबीपीएस लागतात. १०० च्या लाइनमध्ये ते मावणार कसं?

ते काढून सरळ पद्धतीनं जोडलं की चित्र कॉम्प्रेस होऊन जातं, बरंच सुधारतं. तरी फेरा चुकत नाही. तुमचा चेहरा आधी मुंबईच्या सर्व्हरवर जाऊन उलगडतो, तिथला झूम तो परत कॉम्प्रेस करून पुढं पाठवतो. समोरच्याचा चेहराही आधी सर्व्हरच्या स्क्रीनवर उमटतो आणि मग ती स्क्रीन तुमच्याकडे येते. शिरोलीहून जवळच्या कागलला व्हाया मुंबई जाण्यातला प्रकार. त्यात या सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड नाही, सगळा भार प्रोसेसरवर. त्याच प्रोसेसरवर तुमच्या अकाउंट्सची टॅली चालू असते. आवाजाचं दुखणं तर आणखी वेगळं. स्पीकर तुमच्या टेबलावर, झूम मुंबईत, मध्ये कमीजास्त होणारा उशीर. मग झूमला एको नीट कापता येत नाही आणि समोरच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू जातं.

म्हणूनच कोटेशनच्या दुसऱ्या पानावर छापलंय: मीटिंग टेबलावरच्या मशीनवर, काम रिमोटवर. ड्रॉइंग सर्व्हरवर आहे म्हणून झूमही सर्व्हरवर उघडायला लागत नाही. झूम लॅपटॉपवर चालू करा, आणि शेअर करताना रिमोट डेस्कटॉपची विंडो निवडा. समोरच्याला ड्रॉइंग दिसतं, तुमचा चेहरा आणि आवाज लॅपटॉपवरून थेट जातो.

रिमोटमध्येच मीटिंग चालवायची दुसरी व्यवस्थाही आहे. सिट्रिक्स किंवा ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप या दुसऱ्या रिमोट सेवांबरोबर झूम आणि टीम्सची खास प्लगइन (जोड-प्रोग्राम) चालतात, त्यात दिसायला मीटिंग रिमोटमध्ये पण चित्र-आवाज लॅपटॉपवरूनच जातो. त्याचा खर्च निराळा. आठवड्याला एखाद-दुसरी मीटिंग असणाऱ्या ऑफिसला मी तरी ती घ्या म्हणणार नाही, विकायला मलाही आवडलं असतं तरी.

भाड्याचं म्हणाल तर ते टॅली आणि ड्रॉइंगच्या सर्व्हरचं आहे, आणि तो महिनाभर एकदाही बंद पडला नाही. त्यामुळे ते परत होणार नाही. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा.

पुढची मीटिंग असेल त्याच्या आदल्या दिवशी दुकानात फोन करा. पोरगा येऊन लॅपटॉपवर झूम लावून, विंडो शेअर करून, तुमच्यासमोर ट्रायल घेईल, त्याचे पैसे नाहीत. वायरचा हेडफोन-माइक तेवढा घेऊन ठेवा. आणि राउटर केबिनपासून दोन भिंती पलीकडे आहे, मीटिंगपुरती तरी लॅनची केबल ओढून घ्या.