थंड धूर

मुलाने पुण्याला जाताना मागे ठेवलेल्या बार्बेक्यूचे पाय गंजून गेले होते; झाकण, कोळशाची कढई आणि दोन जाळ्या मात्र धडधाकट होत्या, आणि धडधाकट वस्तू भंगारवाल्याला देणे आमच्या घराण्यात बसत नाही. म्हणून त्यांतून चीजला धुरी देण्याचे यंत्र करावे, असे मी ठरवले. या प्रकाराला कोल्ड स्मोकिंग म्हणतात. पदार्थ शिजू द्यायचा नाही, त्याला फक्त धुराचा स्वाद लावायचा आणि त्यासाठी पेटीतले तापमान 30 अंशांच्या आत राखायचे, असा त्याचा नियम आहे. हा नियम मी सांगलीत, ऐन एप्रिलमध्ये वाचला.

विस्तव एकीकडे, पदार्थ दुसरीकडे आणि मधल्या नळीत धूर निववायचा, एवढीच यातली युक्ती. कढईवर झाकण ठेवून पदार्थांची पेटी तयार झाली. विस्तवासाठी मी माळ्यावरून आईचा तांब्याचा बंब उतरवला. त्याच्या मधल्या नळकांड्याभोवती पाणी असते, तेव्हा खाली भुसा धुमसत ठेवला की वर जाणारा धूर आपोआप गार होईल, असा माझा हिशेब होता. जन्मभर पाणी तापवलेल्या भांड्याला मी धूर थंड करायला लावले, यावर आई काही बोलली नाही, फक्त बंबाकडे बघत राहिली.

वखारीत मी आंब्याच्या लाकडाचा दोन किलो भुसा मागितला, तेव्हा मालकांनी "कोंबड्या किती आहेत?" असे विचारले. प्लायवुडचा भुसा ते फुकट देत होते. पण त्यातल्या डिंकाचा धूर खाण्याच्या वस्तूला लागू नये, म्हणून मी तो नाकारला आणि कोंबड्यांच्या बाबतीत फार चोखंदळ ठरलो.

पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता, काडी ओढण्यापूर्वीच, पेटीतला तापमापक 38 दाखवत होता. तरीही मी भुसा पेटवला. अर्ध्या तासात चीजला घाम फुटला, मग त्याने कडा सोडल्या आणि शेवटी ते जाळीतून खाली उतरले. गल्लीत पांढरा धूर दाटलेला पाहून शेजारच्या मुलाने गच्चीवरून विचारले, "काका, बंब बोलवू का?"

"बंबातूनच येतोय रे!" मी ओरडलो. सौ. आतून म्हणाल्या, "अहो, निदान दार तरी लावून घ्या."

पुढचा प्रयोग जानेवारीत, पहाटे पाच वाजता केला. बाहेर 16 अंश होते. भुसा कोरडा होता, धूर विरळ आणि निळसर निघाला, आणि दोन तासांनी चीजवर फिकट बदामी रंग चढला. असे चीज लगेच खाल्ले तर कडवट लागते, म्हणून ते चार दिवस फ्रीजमध्ये मुरत ठेवले. मुरले ते शेजारचे दूध.

आईने त्या दुधाच्या चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चुलीचा धूर सुटावा म्हणून तुझ्या वडिलांनी किती खटपट करून गॅस आणला होता रे."