जिभाऊ, समुद्रावरचं लग्न असं सांगावं

पत्रिका हातात आली की आधी ती तोलून बघा. पूर्वी पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद असायची आणि खाली भाऊबंदांच्या नावांची एवढी लांब रांग, की त्यात ज्याचं नाव राहून गेलं तो दोन वर्षं बोलायचा नाही. आता खोकं येतं. आत मखमल, मखमलीवर आठ बदाम, बदामांखाली मुंबईच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलचं नाव. भाऊबंदांना जागाच नाही, त्यामुळे रुसवाही नाही. लग्न तुमच्या चुलत्याच्या नातवाचं. चुलता तुमच्यासारखाच अमळनेर तालुक्यातला, नातू मात्र 'आम्ही मूळचे जळगाव साइडचे' म्हणतो. जिभाऊ, जा. नक्की जा. लग्न काय, ते तुमच्यावाचूनही लागेल. तुम्ही जायचं ते परत येऊन सांगण्यासाठी.

हॉटेलात तुमची सोय असेल असं धरून चालू नका. खोल्या नवरीकडच्यांना आणि नवरदेवाच्या परदेशातल्या मित्रांना. 'गावाकडची मंडळी' या यादीतल्या अकरा जणांची सोय डोंबिवलीला, मावसभावाच्या वन बीएचकेत. तिथे गाद्या आहेत, पंखा आहे, आंघोळीला नंबर आहे. गावी परतल्यावर डोंबिवली हा शब्द तोंडातून निघता कामा नये. 'आम्ही तिकडेच होतो' एवढंच म्हणायचं. 'तिकडे' हा फार ऐसपैस शब्द आहे, त्यात पन्नासेक किलोमीटर सहज मावतात.

रिसेप्शन साडेसातला, म्हणजे नऊला. तोवर मुंबई बघून घ्या. ताजसमोर उभं राहिलात की शेजारच्याला सांगा, हे हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते बघून बांधणाऱ्याने जीव दिला. गोष्ट खोटी आहे, पण ती सांगितल्याशिवाय मुंबईहून परतायची आपल्यात रीत नाही. खरी हकीकत कंटाळवाणी आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हताच. गाड्या-बग्ग्या शहराच्या अंगाने यायच्या, म्हणून दार तिकडे. आराखड्यात मोठा वाटा सीताराम खंडेराव वैद्य यांचा, पुढे काम तडीस नेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. (खंडेराव ऐकल्यावर 'म्हणजे आपल्या खान्देशचेच' असं ठोकून द्यायला हरकत नाही. कोणी उठून बघायला जात नाही.) दुसरी गोष्ट अशी, की जमशेदजी टाटांना वॉटसन हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं. हिलाही भक्कम पुरावा नाही. तरी ती आधी सांगा, कारण तिच्यात अपमान आहे, आणि लग्नाला निघालेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात एक जुना अपमान असतोच.

ते वॉटसन हॉटेल काळ्या घोड्याजवळ होतं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडातून आणून इथे जोडला होता, आणि ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा बघितली ती तिथेच. इमारत पार खंगलेली आहे. तिकडे जाऊ नका. पडक्या भिंतीपुढचा फोटो गावात चालत नाही.

गेटवेवरून सूर्यास्त बघितला असं सांगण्याचा मोह मात्र आवरा. तुमच्या आधी जाऊन आलेल्या तिघांनी ते सांगून झालंय. गेटवेचं तोंड बंदराकडे, पूर्वेला. तिथे सूर्य उगवतो आणि मावळतो तो ताजच्या पाठीमागे. मावळतीसाठी मरीन ड्राइव्ह आहे. तसं हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण पारावर भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी असतात आणि ते आयुष्यभर अशाच एका वाक्याची वाट बघत बसलेले असतात.

गेटवेची दुसरी माहिती मात्र डोक्यात ठेवा, ती पैसे वाचवील. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज राजा आणि राणी तिथे उतरले तेव्हा कमान झालेलीच नव्हती, पायासुद्धा घातलेला नव्हता. त्यांना पुठ्ठ्याची कमान दाखवली असं सांगतात. खरी कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली, तेरा वर्षांनी. म्हणजे पाहुणा आला की पुठ्ठ्याचा दरवाजा उभा करायचा हे डोकं आपल्या डेकोरेटरचं नाही. 'राजवाडा गेट'चे तो चाळीस हजार मागेल तेव्हा हे काढा.

आता हॉटेल. नाव मी घेत नाही, ते पुढची चार वर्षं दर वाक्याला तुम्हीच घेणार आहात. दारात सामान यंत्रातून जातं. तुमच्या घरच्यांच्या पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा आहे, कारण 'मुंबईत पोट भरत नाही' हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं. डबा पडद्यावर गोल आणि काळा दिसतो. गार्ड 'इसमें क्या है' म्हणून विचारतो. 'औषध' म्हणा. खोटं नाही, रात्री कळेल.

आत गेल्यावर कशाकडेही बघत राहू नका. छताकडे बघितलंत की तुम्ही गावाकडचे. झुंबराखालून असं चालायचं की जणू घरी ओट्यावर असलंच एक आहे. गारठा लागेल. बायका पदर ओढून घेतील, तुम्ही मात्र 'सेंट्रल एसी आहे' एवढंच म्हणून दात वाजू न देता उभं राहायचं. मांडवाच्या दाराशी केळीचे खांब आहेत. कापडाचे. रावेरकडचे एक पाहुणे, घरी वीस एकर केळी, त्या पानाला हात लावून दोन मिनिटं उभे होते. शेवटी म्हणाले, 'करपा नाही पडत याच्यावर.' मला वाटतं त्या सबंध संध्याकाळीत मनापासून आलेला अभिप्राय तेवढाच.

आणि आता ज्यासाठी आलात तो समुद्र. हॉल तळघरात आहे. एक मजला खाली, चारी बाजूंनी गालिचा लावलेल्या भिंती, खिडकी एकही नाही. समुद्र स्टेजमागे आहे, तीस फूट रुंद एलईडी पडद्यावर. त्यात लाटा येतात, मध्येच एक पक्षी उडतो, दर चाळीस सेकंदांनी तोच पक्षी. खरा समुद्र जिना चढून रस्ता ओलांडला की आहे, पण तिकडे गेलात तर स्टार्टर्स संपतील. शिवाय पडद्यावरचा जास्त निळा आहे. बाहेरचा तसा मळकटच, पुढे सिमेंटचे चौपायी ठोकळे रचलेले, त्यांवर कोणीतरी भुट्टा खाऊन टाकलेला. फोटो पडद्यापुढे काढा.

काही वऱ्हाडं हॉटेलात न जाता मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांवर जातात, उघड्या हिरवळीवर. तिथे हिंदू, इस्लाम, पारशी असे जिमखाने एका ओळीत आहेत, पुढे समुद्र आणि मागून चर्चगेटची लोकल. तिथे खरा वारा असतो, त्यामुळे फेटे उडतात आणि केस विस्कटतात, म्हणून सांगणारे त्याला कमी मार्क देतात. माझा एक साडू अशाच एका रात्री शेजारच्या लग्नात जेवून आला. ओळख निघेना म्हणून मुकाट्याने जेवला, एवढंच त्याला लागलं. आपल्याकडे चुकीच्या मांडवात शिरलात तरी वाढणाऱ्याचा कोणीतरी मामेसासरा तुमच्या गावचा निघतो आणि वर बट्टी जास्त पडते.

जेवणाचं सांगताना पदार्थांची नावं सांगू नका, काउंटरची संख्या सांगा. सत्तावीस. एका काउंटरवर 'खान्देश' अशी पाटी होती. तिथे चिनी मातीच्या वाकड्या चमच्यात सुपारीएवढं भरीत, त्यावर एक हिरवं पान, बाजूला उभा पोरगा, डोक्यावर पांढरी टोपी. एका माणसाला एक चमचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. तेव्हा आपण पेढे वाटले होते. मानांकन मिळालं की वांगं चमच्यात जातं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. कपाशीच्या काड्यांवर शेतात वांगी भाजायची, लाकडी मुसळाने ठेचायची, आणि पातेलं खाली लागेपर्यंत वीस जणांनी खायचं, हे त्या पोराला सांगायला जाऊ नका. मी गेलो होतो. 'सर, दुसरा चमचा हवा असेल तर लाइन मागून,' असं तो फार अदबीने म्हणाला.

गावात 'पोट भरलं का' हा प्रश्न येणारच. 'तिथे पोट भरायला कोणी जात नाही, ॲम्बियन्स असतो' असं उत्तर द्या. ॲम्बियन्स म्हणजे काय ते तुम्हाला कर्जत लोकलमध्ये रात्री साडेबाराला कळलेलं असतं, पैठणी आणि कोट घातलेल्या अकरा माणसांनी मांडीवर डबा ठेवून कळण्याची भाकरी मोडली तेव्हा. हा भाग सांगण्यातून गाळायचा.

टोपी-टॉवेलचं दुःखही गाळायचं. एवढं मोठं लग्न, एवढे पैसे, आणि डोक्यावर टोपी ठेवणारा कोणी नाही. तुम्ही उगाच दोनदा स्टेजजवळून फिरलात, कोणी हाक मारली नाही. पत्रिकेवरच 'आहेर आणू नये' होतं, तेव्हा देण्याघेण्याचं दोन्हीकडून मिटलं. निघताना एक मेणबत्ती मिळाली, काचेच्या वाटीत, लव्हेंडरच्या वासाची. ती आता देव्हाऱ्यात आहे आणि वीज गेली की लागते.

गावात सांगायला बसाल ते मधूनच सुरू करा. 'आता त्या लॉबीतच बघा ना...' अशी सुरुवात चांगली. पहिल्या दिवशी टपरीवर, दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर, बाजाराच्या दिवशी सगळीकडे. आकडा आपणहून काढायचा नाही, कोणीतरी विचारेपर्यंत चहा थंड होऊ द्यायचा. मग म्हणायचं, 'प्लेटला सहा हजार.' यावर मागून कोणीतरी 'मंग प्लेट घर आनता येस का?' विचारील. त्याच्याकडे दुर्लक्ष करा, तो दर गावात असतो.

एखादा म्हातारा फैजपूर काढील. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया असं जवळपास मिळेल ते सामान घेऊन सबंध नगर सजवलं. त्याला विचारा, 'एसी होता का? व्हॅले पार्किंग?' म्हातारा गप्प बसेल. आपल्या मुलखात यापेक्षा देखणा मांडव कधी पडला असेल असं मला वाटत नाही, पण माझ्या वाटण्याला काय, मला कुठे आमंत्रण होतं.

घरातही सांगावं लागतं आणि ते अवघड असतं, कारण घरी आजी असते. ती फोटो बघते. मोबाइल लांब धरून, बोटाने पुढे सरकवत, दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस. तिला झुंबर, काउंटर, प्लेटचा भाव यातलं काही नको असतं. ती एकच विचारते, 'समिंदरनं पानी खारं ऱ्हास म्हंतस. चाखं का?' अशा वेळी, लॉबीत पाण्याची बाटली साडेतीनशेला होती आणि तिची चव साधीच होती, हे सांगून विषय बदला.

पुढची पायरी तुमच्या पोरीचं लग्न. आता मागे हटता येत नाही, एवढं सांगून बसलात. एरंडोलच्या अलीकडे हायवेला एक लॉन आहे, फाटकावर दोन सिमेंटचे डॉल्फिन. तो मालकही मुंबईला एका लग्नाला जाऊन आलेला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, पण पडदा जळगावात भाड्याने मिळतो आणि लाटांची तीच क्लिप त्याच्याकडे आहे, तोच पक्षी. मुहूर्त मे महिन्यातला, पारा चव्वेचाळीसवर, तेव्हा थंडीने दात वाजायची भीती नाही. कोट मात्र घालायचाच. बट्टीचा आचारी घरी पाठवा, त्याच्या गोवऱ्यांचा धूर पडद्यावर दिसतो. वरण-बट्टी मागणाऱ्या भाऊबंदांना काउंटर नंबर एकोणीस दाखवा, तिथे वाटीत दोन तुकडे मिळतील. नरिमन पॉइंटला टाटा थिएटर आहे, १९८० चं, फिलिप जॉन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने बांधलेलं. तिथे गवयाचा आवाज माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. ही माहिती डीजेवाल्याला देऊ नका, तो दुखावतो.

आजीला पहिल्या रांगेत बसवा, कूलरसमोर, पडद्याच्या अगदी पुढ्यात. तिने समुद्र बघायचा राहिलाय. ती हात जोडेल, जोडू द्या. मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला वीज जाईल आणि जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतील. पडदा काळा होईल, डॉल्फिनचे दिवे जातील, भटजी तेवढे म्हणत राहतील. त्या अंधारात आजी तुमच्या कोटाची बाही ओढून विचारील, 'काय रे भो, आटना का समिंदर?'

जनरेटरवाल्याला हाक मारा. तो बट्टी खायला घरी गेलेला असेल.