‘मेलेलं रोप विकलं’ या अभिप्रायाला आमच्या नर्सरीचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक तारा, तक्रार आणि तिन्ही फोटो पाहिले. ऑक्टोबरात कॅटलिया ऑर्किड नेला, ‘यंदाच फूल येईल’ असं इथून सांगितलं गेलं, फूल आलं नाही आणि आता जुलैत बल्ब (पाणी साठवणारी फुगीर खोडं) काळे पडले, म्हणजे रोप मुळातच मेलेलं होतं, असं तुमचं म्हणणं आहे.

फुलाबाबत चूक आमची. नेताना रोपाला तीन बल्ब होते आणि सगळ्यांत मोठा जेमतेम बोटाएवढा. वीतभर फूल देणाऱ्या जातीचा बल्ब १५ ते २० सेंमी झाल्याशिवाय त्यातून कळीचं पाकीट (कळी ज्यात वाढते ते आवरण) निघत नाही. दरवर्षी नवा बल्ब आधीच्याहून थोडा मोठा येतो, म्हणजे तुमच्या रोपाला अजून निदान दोन वर्षं हवी होती. ‘यंदाच फूल’ असं काउंटरवरून सांगायलाच नको होतं. कोवळ्या आणि फुलावर आलेल्या रोपाच्या किमतीतला फरक तुम्हाला परत मिळेल.

पण रोप मेलेलं नव्हतं. तुमच्याच फेब्रुवारीच्या फोटोत बुडाशी नवा कोंब हिरवागार दिसतो. घात झाला तो जूनमध्ये, कुंडी बदलताना. तिसऱ्या फोटोत मोठी प्लॅस्टिकची कुंडी, काळी माती, शेणखत आणि खाली बशी आहे. कॅटलिया मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. त्याच्या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं आणि मग त्याला वाळायला हवा लागते. आपल्या पऱ्हाटीला पोसणारी काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन हवा कोंडते. मुळं कुजतात, मग बुरशी बुडातून वर चढते. संत्र्याला डिंक्या रोग आणणारी फायटोफ्थोरा बुरशी याच घराण्यातली. बल्ब बुडापासून काळा, पाणचट आणि मऊ होतो, पान हात लावताच गळतं. हे चार-आठ दिवसांत एका बल्बवरून दुसऱ्यावर जातं, म्हणून थांबू नका. मे महिन्यात पानांवर आलेले पांढरे डाग मात्र उन्हाचे आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

फोटोत मागचे दोन बल्ब अजून हिरवे आहेत. ते वाचू शकतात. रोप मातीतून काढून धुवा. दाबल्यावर मऊ लागणारी तपकिरी मुळं कापा, टणक ठेवा. ब्लेड ज्योतीवर तापवून काळा बल्ब आडव्या खोडासकट कापा. कापलेली जागा आतून पांढरट-हिरवी दिसायला हवी. तपकिरी छटा दिसली तर अजून मागे कापा, प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा तापवा. कापावर दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर पडू देऊ नका, मुळं सुकतात. संत्र्याला वापरतात तेच बुरशीनाशक, मेटालॅक्सिल-मँकोझेब, २ ग्रॅम प्रति लिटर घेऊन एकदा भिजवा, हातमोजे घालून. मग दोन-तीन दिवस सावलीत कोरडं ठेवा. बाकीच्या कुंड्यांपासून लांबच.

नवी कुंडी मातीची, बाजूला भोकं असलेली, १० ते १२ सेंमीची घ्या. त्यात लाकडी कोळसा आणि भाजलेल्या विटांचे दीड-दोन सेंमीचे तुकडे, निम्मे-निम्मे. कोळसा आधी रात्रभर भिजवून धुवा. आडवं खोड वरच राहू द्या, पुरू नका. जुनं टोक काठाशी आणि डोळा मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवून काठीला बांधा, हललं तर नवं मूळ मोडतं. नवी मुळं दिसेपर्यंत फक्त सकाळी फवारा, खत अजिबात नाही. मुळं दोन-तीन सेंमी झाली की पाणी सुरू करा. पावसाळ्यात छपराखाली पाच-सहा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी. मुळं पांढरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो, तोच क्षार मुळांची टोकं जाळतो. पागोळ्याचं पाणी ड्रमात साठवा. वाढ सुरू झाल्यावर १९:१९:१९ खत आठवड्यातून एकदा, लिटरला अर्धा ग्रॅम पुरे.

पूर्वेच्या ओसरीत ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावा, मेमध्ये ७५. दुपारी एकला पानाला हात लावून बघा, गरम लागलं तर जागा बदला. पान गडद हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय, पोपटी रंग बरोबर. थंडीत रात्री पारा १० च्या खाली गेला की घरात घ्या.

रोपासोबत यातली एक ओळही लिहून दिली नव्हती आणि फोनवर नुसतं ‘पाणी कमी घाला’ सांगितलं, हेही आमचंच चुकलं. या आठवड्यापासून प्रत्येक ऑर्किडसोबत मराठी कार्ड देतो आहोत. कापायला धीर होत नसेल तर रोप मातीतून काढून, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन या. काप आम्ही तुमच्यासमोर घेऊ. दोन्ही बल्ब आतून काळे निघाले, तर त्याच जातीचं दुसरं रोप कोळशात लावून देऊ. त्याचे पैसे नाहीत.