बशीतला चहा आणि मागचा दिवा : निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

जुन्या नटनट्यांच्या सेटवरच्या 'सहज टिपलेल्या' फोटोंवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. नऊवारीतली नायिका बशीने चहा पितानाचा फोटो मी 'बनावट' ठरवला, त्याची १९५० च्या आधीची प्रत तुमच्या घरी आहे, आणि आपल्या खडकलाटच्या अभिनेत्री सुलोचनाबाई ज्या कोल्हापुरी सिनेमात घडल्या त्या माणसांच्या साधेपणावर मी शंका घेतली, असं तुम्ही लिहिलंत.

'बनावट' हा शब्द चुकलाच, तो मागे घेतो. 'मांडलेला' म्हणायला हवं होतं. चहा खरा, बाई खऱ्या, सेटही खरा. पण तो क्षण नकळत टिपलेला नाही, यावर मात्र मी ठाम आहे.

फोटो पुन्हा हातात घ्या. अंबाड्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ दिसते ना? तो मागून, उंचावरून टाकलेला बॅक लाइट. नाकाची सावली एकाच गालावर आहे, पण काळीकुट्ट नाही. म्हणजे समोरून दुसरा दिवाही आहे. दोन शॉटच्या मधल्या वेळात असे दिवे जळत ठेवणं परवडणारं नव्हतं. सेट तापायचा, घामाने मेकअप उतरायचा, कार्बनच्या कांड्या जळून उजेड देणारा आर्क दिवा असेल तर त्या कांड्या फुकट जायच्या. चहा यायचा तो दिवे बंद झाल्यावर.

आणि दिवे बंद असताना असा फोटो निघतच नाही. त्या काळी वेगवान म्हणावी अशी १०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचं माप) फिल्म धरली, तरी भिंगाच्या एफ ४ छिद्राला (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) १/५० सेकंदात नीट निगेटिव्ह यायला सुमारे २०० फूट-कँडल (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. साध्या बल्बखाली १० मिळाले तरी खूप. म्हणजे वीसपट जास्त वेळ, जवळजवळ अर्धा सेकंद. तेवढ्यात पिणाऱ्याचा हात हलतो. तुमच्या फोटोत बशीतल्या चहाची कडसुद्धा सुरीसारखी स्पष्ट आहे. बाईंनी बशी धरून ठेवली होती, आणि तीही सांगितल्यावरून.

यात फसवणूक काहीच नाही, तेव्हाच्या कामाची रीतच ती होती. संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित होत असतील तर टेक चालू असताना शटरची 'खट' चालायची नाही. म्हणून स्टिल फोटोग्राफरला टेक ओके झाल्यावर, दिवे विझायच्या आत बोलवायचे आणि कलाकार तीच पोझ पुन्हा द्यायचे. जाहिरातीसाठी लागणारा 'विश्रांतीचा' फोटोही त्याच दोन-चार मिनिटांत उरकायचा.

खरे नकळत टिपलेले फोटो आहेत, पण ते बहुतेक बाहेरच्या चित्रीकरणाचे. उन्हात १/१०० सेकंद आणि एफ ११ सहज मिळतं. रोलिफ्लेक्ससारखा दुहेरी भिंगाचा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा असतो, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नाही. असा फोटो चौकोनी असतो, आणि चेहरा जरा खालून बघितल्यासारखा वाटतो. बारकावेही सांगतात : कपड्यांवर मेकअप उतरू नये म्हणून गळ्याशी खोचलेला रुमाल, केसांत राहिलेली क्लिप, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला माणूस. मांडलेल्या फोटोतून रुमाल आधी काढतात. १९५४ मध्ये ट्राय-एक्स ही जास्त वेगवान रोल-फिल्म आली आणि मग आतल्या अपुऱ्या उजेडातही टिपणं सोपं झालं.

तुमच्या प्रतीचं वय बघायचं असेल तर सराफाकडे नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो अंधारात कागदाच्या पांढऱ्या कडेवर धरा. कागद निळसर-पांढरा चमकला तर प्रत साधारण १९५५ नंतरच्या कागदावर छापलेली. मूळ फोटो तरीही जुना असू शकतो. डिंकाच्या डागावर बघू नका, डिंकही चमकतो. कागद चमकला नाही तर मात्र एवढ्यावरून वय ठरवू नका, कारण चमक नसलेला कागद नंतरही निघत होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रतीवर बुरशीचे ठिपके आहेत आणि ओल्या कापसाने पुसणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं करू नका! फोटोची प्रतिमा ज्या जिलेटिनच्या थरात असते, तो बुरशीने खाल्ला की पाण्यात विरघळतो. ठिपक्याबरोबर चेहराही निघून येईल. आधी मोबाइलने उजेडात, सपाट धरून दोन-चार फोटो काढून ठेवा. मग प्रत सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने वरवरची बुरशी झटका. जे निघत नाही ते राहू द्या. आपल्याकडे, त्यातून खानापूर-बेळगावच्या बाजूला, पावसाळाभर कपाटं दमट असतात, तेव्हा प्रत साध्या कागदी पाकिटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पुड्या बदला. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत अजिबात नको, ती फोटोला चिकटते.

मागच्या बाजूला शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा असेल तर त्याचाही फोटो पाठवा. लेखातला तो शब्द आज दुरुस्त करतो.