गाडी थांबवायला कोण शिकवणार?

दसऱ्याला हार घालून घरी आलेल्या नव्या दुचाकी गाड्या आता गावात फिरायला लागल्यात. कुणाला बारावी झाली म्हणून मिळाली, कुणाला एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून. पोरांचा आनंद बघून मलाही बरं वाटतं. कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे, माझं घर या गाड्यांवरच चालतं. तरी दरवर्षी दसरा-दिवाळीच्या या दिवसांत माझ्या पोटात गोळा येतो. कारण यातल्या काही गाड्या सर्व्हिसिंगच्या आधीच टेम्पोत घालून माझ्याकडे येणार आहेत, हे मला माहीत असतं.

आपण पोरांना गाडी चालवायला शिकवतो. क्लच हळू सोड, चढाला गिअर उतरव, पेट्रोलचा कॉक बघ. थांबवायची कशी, हे कोणीच शिकवत नाही. आरटीओच्या मैदानात आठ काढला आणि पाय टेकला नाही की लायसन्स हातात पडतं. साठच्या वेगात समोर म्हैस आडवी आली तर हातानं काय करायचं आणि पायानं काय करायचं, याचा एकदाही सराव न करता पोरगं थेट हायवेला लागतं.

अपघाताची गाडी गॅरेजमध्ये आली की मी टी (हँडलखाली पुढचे शॉकअप धरणारा भाग) वाकलाय का, शॉकअप गेलेत का हे नंतर बघतो. आधी ब्रेक बघतो. मध्ये एक गाडी आली, हँडलला झेंडूचा वाळलेला हार तसाच होता. मागचा ड्रम उघडला तर लायनर झिजून चकाकत होतं. पुढचे डिस्क पॅड मात्र कंपनीतून आले तसे कोरे. मागच्या टायरवर एकाच जागी रबर घासून हाताएवढा चपटा पट्टा पडलेला. म्हणजे पोरानं जीव खाऊन मागचा ब्रेक दाबला होता, मागचं चाक जाम होऊन फरफटत गेलं होतं, आणि पुढच्या लिव्हरला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. पोराच्या मांडीत रॉड घातलाय. त्याचे वडील बाजूला उभे होते. मी पॅड काढून त्यांच्या हातात दिला. बराच वेळ ते बघत राहिले, मग म्हणाले, "मिस्त्री, पुढचा ब्रेक लावू नको, पलटी खाशील, असं मीच सांगितलेलं त्याला."

त्या माणसाला मी काय बोलणार? त्यांना त्यांच्या वडिलांनी हेच सांगितलं असेल. जुन्या गाड्या, खडीचे रस्ते, बारीक टायर. तेव्हा त्या सल्ल्याला काही अर्थ असेलही. आज डांबरी रस्त्यावर तोच सल्ला पोरांचा जीव घेतोय.

कारण साधं आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं सगळं वजन पुढं झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक गाडी थांबवू शकत नाही, ते घसरतं. थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबवायला दोन्ही ब्रेकच्या मानानं जवळपास दुप्पट अंतर लागतं. पलटी होते ती पुढचा ब्रेक लावला म्हणून नव्हे, हिसक्यानं लावला म्हणून. लिंबू पिळतो तसा तो दाबायचा, आधी हलका, वजन पुढं आलं की जोरात. दोन्ही ब्रेक एकत्र, हँडल सरळ. वळणात असाल तर हिसका अजिबात नको. वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. कुंभार्ली घाटात जी पोरं आपटतात त्यातली कितीतरी वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक मारतात, आणि तिथं कडेला बारीक खडी असतेच.

"माझ्या गाडीला एबीएस आहे", म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असं सांगणारेही भेटतात. चांगलं आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे, त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले. पण एबीएस चालू झाल्यावर लिव्हर हाताखाली थडथडतं, हे किती जणांना माहीत आहे? पोरगं घाबरून नेमक्या त्या क्षणी लिव्हर सोडतं. ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती वस्तू कामाला लागली आणि यानं ती बंद केली. आणि सीबीएसच्या भरवशावर पुढचं लिव्हर विसरून चालत नाही. मागचा दाबला की पुढचा थोडा लागतो, पण थोडाच.

आता आपल्या भागातल्या रस्त्याचं बोलतो. ज्या महिन्यांत नव्या गाड्या रस्त्यावर येतात, त्याच महिन्यांत कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या निघतात. रात्री आठ-नऊच्या सुमाराला एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मावेल त्याहून जास्त ऊस. मागं दिवा असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली, झाकलेला. रेडियम असलं तर त्यावर चिखलाचा थर. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यावर पडला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत पन्नास मीटर तुम्ही आंधळे चाललेले असता. आणि ट्रॉली तर दहाच्या वेगानं रांगत असते किंवा पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते.

बाइकच्या डिपरचा उजेड कामाचा म्हणावा तर तीस-चाळीस मीटर. साठच्या वेगात डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंतच सतरा मीटर गेलेले असतात, मग दोन्ही ब्रेक नीट लावून आणखी वीसेक मीटर. हिशेब तुम्हीच करा. रात्री उसाच्या रस्त्याला साठचा वेग दोन्ही ब्रेक नीट येणाऱ्यालाही जेमतेम पुरतो. चाळीसला चला. समोरून अप्पर आला तर वेग उतरवा आणि नजर आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा, दिव्यात बघू नका. कारखान्याच्या आणि ऊसतोड चालू असलेल्या फडाच्या फाट्यावर टायरनं आणलेला ओला चिखल आणि पडलेले ऊस असतात, तिथं तर रांगतच जावं.

ट्रॉलीवाल्यांची, कारखान्यांची चूक नाही का? आहे, शंभर टक्के आहे. मागं लाल दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीवर उभीच करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे करणं कारखान्याला अवघड नाही. एक हंगाम सक्तीनं करून दाखवावं. पण तोवर आपलं पोरगं घरी आलं पाहिजे.

हेल्मेटवर फार लिहीत नाही, कारण आता कोणाला माहीत नाही असं नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची. आणि हेल्मेट नव्हतं असे मेलेले ५० हजारांच्या वर. तरी २०१९ साली पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चा निघाला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या ५० हजारांत १४ हजारांहून जास्त मागं बसलेले होते, हे मात्र ध्यानात घ्या. मागं बसते ती आई, बायको, बहीण. एका बाजूला बसलेली, हातात पिशवी, मांडीवर लेकरू. पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली की ती मागच्या मागं डोक्यावर पडते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं लागतंच, मागच्यालाही. घ्यायचं ते हनुवटी झाकणारं, खऱ्या आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

पोरं माझ्याकडे येतात ती साडीगार्ड काढायला. "काका, लूक जातो त्यानं." आरसे काढून द्या, मागं जाडा टायर बसवा, नंबरप्लेट दुमडून द्या. मी हे काम करत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. साडीगार्ड गेलं की मागचं चाक उघडं पडतं आणि पदर, ओढणी, बुरखा थेट स्पोकमध्ये किंवा चेनमध्ये जातो. हे काही क्षणांत होतं, चालवणाऱ्याला कळायच्या आत मागची बाई रस्त्यावर ओढली गेलेली असते. आणि आरसा काढलेल्या पोराला मागून येणारी एसटी कशी दिसणार, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अपघात झालेला दिसला तर आपल्याकडं लोक धावतात, हा आपला मोठा गुण आहे. पण जखमीला उचलून दुसऱ्या मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मानेला, मणक्याला मार असेल तर त्या प्रवासातच तो कायमचा अधू होऊ शकतो. हेल्मेट ओढून काढू नका. १०८ ला फोन करा, रस्ता अडवून गाड्या थांबवा, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. पोलीस केसमध्ये अडकू ही भीती ठेवू नका. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायचीही सक्ती करायची नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१६ सालीच सांगितलंय आणि आता मोटार वाहन कायद्यात त्याचं कलमच आहे.

आणि नववी-दहावीतल्या पोराला गाडी देणाऱ्या बापांनो, भावांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. "गावातल्या गावातच नेतो" हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकलंय. गावातच वळणावर डंपर असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हातून काही घडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कायद्याची भीती नसली तर निदान एवढं करा, कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात संध्याकाळी अर्धा तास बसून या. कोणत्या वयाची पोरं कुबड्या घेऊन बसलीत ते बघा.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या शाळेमागच्या मोकळ्या मैदानात थांबणार आहे. शाळेची परवानगी घेतलीय. नवी गाडी घेतलेल्यांनी यावं. आधी वीसच्या वेगानं, मग तीस, मग चाळीस, दोन्ही ब्रेकनी गाडी सरळ थांबवायचा सराव करू. एका पट्ट्यात बारीक खडी टाकतोय, तिथं काय होतं तेही कमी वेगात अनुभवून घ्या. एबीएस असेल तर ते हाताला कसं लागतं हे एकदा कळू दे. स्कूटीवर जाणाऱ्या मुलींनी आवर्जून यावं, पाय घासत गाडी थांबवायची सवय मोडायची आहे. वडिलांनीही सोबत यावं, त्यांनाही चालवायला देईन. पैसे काही नाहीत. चहा माझ्याकडून. फक्त गाडीला दोन्ही आरसे आणि डोक्याला पट्टा लावलेलं हेल्मेट पाहिजे, त्याशिवाय मैदानात घेणार नाही.