मर्यादा मोडलेली नाही
सोन्याच्या टोकांमधल्या इवल्याशा फटीत प्रकाश एकवटण्यावरचा तुमचा लेख मस्त, पण त्यातलं ‘प्रकाशाची मर्यादा मोडली’ हे खटकलं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबेने 1873 मध्ये सांगितलेली मर्यादा, म्हणजे भिंगाने साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा बारीक ठिपका पडत नाही, ती लांब जाणाऱ्या प्रकाशाला आजही लागूच आहे. इथे सोन्याच्या दोन टोकांमधल्या दहा-वीस नॅनोमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि प्रकाशाचा सगळा जोर तिथेच एकवटतो, पण तेवढंच अंतर पुढे गेलात की तो झपाट्याने ओसरतो, म्हणून तर तपासायचा नमुना अगदी चिकटून ठेवावा लागतो ना! आणि धातू तापतो ते लिहिलंच नाहीत, खरी डोकेदुखी तीच आहे. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) प्लाझ्मॉनिक्सवर, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनच्या अशा डोलण्याने प्रकाश हाताळण्याच्या शास्त्रावर, काम चालतं, पुढचा लेख प्लीज त्यावर लिहा, आपल्या मुंबईतल्या पोरांना कळायला हवं हे.