खुलासा : प्रभागांत मतदार कमी-जास्त का?

‘सॉफ्टवेअरने समान लोकसंख्येचे प्रभाग पाडले म्हणतात, मग आपल्या प्रभागात शेजारच्यापेक्षा मतदार जास्त कसे? घोळ आहे!’ असा मजकूर मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

महापालिका निवडणुकीचे प्रभाग मतदारयादीवरून पाडत नाहीत, जनगणनेवरून पाडतात; आणि हाती असलेली शेवटची जनगणना २०११ची. तेव्हा पाळण्यात असलेलं पोरही त्या आकड्यात धरलेलं आहे. त्यानंतर जिथे चाळी पाडून टॉवर उभे राहिले, तिथली मतदारयादी फुगली. जनगणनेचा आकडा तिथेच थांबला.

दुसरं, समान म्हणजे तंतोतंत समान नव्हे. मुंबईची २०११ची लोकसंख्या १,२४,४२,३७३. तिला नगरसेवकांच्या २२७ जागांनी भागलं की सरासरी येते सुमारे ५४,८००. तिच्या दहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ५० हजारांचा प्रभागही नियमात आणि ६० हजारांचाही.

राहिलं सॉफ्टवेअर. ते नकाशावर रेघ सरकवली की बेरीज दाखवतं, एवढंच. रेघ कुठे ओढायची हे माणसं ठरवतात, आणि ती शक्यतो प्रगणक गट (जनगणनेत मोजणीसाठी आखलेला लहान भाग) न फोडता, रस्ता, नाला, रेल्वेमार्ग धरून ओढायची असते. संशय घ्यायचाच तर इथे घ्या: आपली वस्ती मधोमध चिरली गेली आहे का, ते प्रारूप, म्हणजे कच्च्या, नकाशावर पाहा. हरकत त्यावर नोंदवता येते, तीही मुदतीतच.